चोवीस खणांचं कपाट

कोणतं द्रव्य माणसाला घातक, हे सरकार एकाच शास्त्रीय कसोटीवर, कुणाचीही भीडभाड न ठेवता ठरवतं. ती कसोटी मी लहानपणी पाहिली आहे. लाकडी होती, तिला चोवीस खण होते आणि तिचं डावं दार नीट लागत नसे.

बाबा सरकारी प्रयोगशाळेत त्या कपाटाचे राखणदार. नियम असा, की ज्यावर बंदी त्याची लाखबंद बाटली कपाटात हवी, एका खणात एक. बाटली नाही, तर बंदी नाही. शाळा सुटली की मी तिथे स्टुलावर बसून गृहपाठ करायचे. वितळत्या लाखेचा तो वास आणि बाबांच्या बाहीवरचा शाईचा डाग अजून आठवतो. गणितं मात्र एकही आठवत नाही.

घरी दुसरा वास होता. काका दुकानांच्या पाट्या रंगवत आणि त्यांच्या थिनरचा वास मला अत्तराहून लाडका. ते कामावरून आले की मी त्यांच्या शर्टात नाक खुपसायचे. मग त्यांचे हात थरथरू लागले. सरळ रेघ जमेना. बाबांनी थिनर तपासलं, दोष त्यातच निघाला. त्यांनी बंदीसाठी अर्ज केला.

साहेबांनी विचारलं, "खण कुठाय?"

"सतरा नंबर काढू या, साहेब. ते केसांचं तेल चाळीस वर्षांत कुणी विकलेलं नाही."

"काढलं म्हणजे ते निर्धोक ठरलं. उद्या कुणाला टक्कल पडलं, तर सही कुणाची?"

बाबांनी साहेबांच्या डोक्याकडे न बघण्याची खबरदारी घेतली. "मग एका खणात दोन बाटल्या?"

"आज दोन बाटल्या, उद्या अनागोंदी. नवं कपाट मागवा."

घरी काका खो खो हसले. "दादा, बाटली कशाला? मलाच लाख लावून बसव की खणात!"

"थट्टा पुरे. दुसरं काम बघ काहीतरी."

"या हातांनी? चहा ढवळायला चमचा लागत नाही, तेवढाच काय तो फायदा."

कपाट यायला सहा वर्षं लागली. तोवर काकांनी आपली शेवटची पाटी रंगवली, ती बाबांच्याच दारावर लागली : 'घातक द्रव्ये विभाग'. अक्षरं थरथरल्यासारखी दिसत. धोका सूचित करण्यासाठी ती मुद्दाम तशी काढली आहेत असं समजून साहेबांनी काकांची पाठ थोपटली. त्यानंतर काकांनी ब्रश धरला नाही. शर्टाला साबणाचा वास येऊ लागला. मला तो कधीच आवडला नाही.

अखेर कपाट आलं. लोखंडी, तीस खणांचं. त्या वर्षी बरोबर सहा नवी द्रव्यं घातक ठरली.

कचेरीत ताजा अर्ज गठ्ठ्यात वर ठेवायची पद्धत होती. बाबांचा सगळ्यात जुना, म्हणून सगळ्यात खाली. तो सातवा होता.