आधीच भरलेली चौकट

कर्जतच्या बाजारात रजियाचं लग्नपत्रिका छापायचं दुकान. तिचा कंप्युटर एकेक चौकट उघडून नावं विचारायचा आणि आजोबांच्या चौकटीत ‘कै.’ आधीच भरून ठेवायचा. ती सोय तिचीच. बहुतेकांचे आजोबा गेलेलेच असतात, कोण दर वेळी टाइप करत बसणार? पुढं नाव लिहायचं आणि एंटर मारायचा.

एकदा शरच्चंद्र प्रधान स्वतःच नातवाच्या पत्रिका न्यायला आले. पत्रिका वाचून त्यांनी काठीच आपटली. “नातवाच्या लग्नाआधी मलाच पोचवलंस होय गं?”

रजियाला तोंड लपवायला जागा उरली नाही. सगळ्या पत्रिका तिनं पुन्हा छापून दिल्या आणि स्वतःवरच चरफडत त्या चौकटीतलं ‘कै.’ खोडून ‘श्री.’ भरलं.

पुढच्याच आठवड्यात आसावरी आपल्या लग्नाच्या पत्रिकेचा नमुना बघायला आली. वाचता वाचता आजोबांच्या नावाशी थांबली. ते दिवाळीतच गेले होते.

“या अल्ला!” रजियाच्या लक्षात आलं. “हाताला सवयच लागलीय एंटरची. थांब, आत्ता बदलते.”

“बाकीच्यांत बदला,” आसावरी म्हणाली. “ही एक मला राहू द्या.”