शेजारी मुक्कामाला गेलेली निळी बॅग

मित्रांनो, हेब्बाळमधल्या एका घरात कपाटावर आडवी पडलेली जी जुनी निळी बॅग दिसते, ती मी. माझा जन्म त्याच शहरातल्या पीण्या या औद्योगिक वसाहतीत, एका छोट्या कारखान्यात झाला. गिरीराजने स्वतःच्या लग्नाला कोल्हापूरला जाताना मला विकत घेतलं, आणि परत येताना माझ्यात देवश्रीच्या साड्या होत्या. तेव्हा सगळे माझं कौतुक करत. आता माझं एक चाक कुरकुरतं आणि वर्षातले दहा महिने मी जुने स्वेटर सांभाळते.

यंदा मात्र मला खाली उतरवलं. देवश्रीच्या भावाला मुलगी झाली होती. रविवारी दुपारी कोल्हापूरला बारसं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि आत्या एकच, देवश्री.

देवश्रीचा आशय पाच वर्षांचा. प्रवास ठरला की त्याला ताप येतो, हा तिचा अनुभव. म्हणून तिने गुरुवारच्या रात्रीच्या बसची तिकिटं काढली ती तारीख बदलता येणारी. थोडी महाग पडली. गिरीराज हसून म्हणाला, "तू निघायच्या आधीच न निघायची तयारी करतेस."

तिच्या सासूबाईंची, सुलभाबाईंची, तयारी वेगळीच. त्यांच्या पंचांगात गुरुवार बरा नव्हता, म्हणून त्यांनी बुधवारी सकाळीच प्रस्थान ठेवलं. म्हणजे चांगली वेळ बघून सामान शेजारी नेऊन ठेवायचं आणि प्रवास सुरू झाला असं मानायचं. मग ते सामान परत घरात आणायचं नाही. माझ्यात एक सुपारी ठेवली, आणि मी समोरच्या प्रतिमाअक्कांकडे मुक्कामाला गेले.

संध्याकाळी आशयला ताप भरला. थर्मामीटर आणि औषध, दोन्ही माझ्या पोटात. काळजीने आदल्या दिवशीच सगळं भरून ठेवलेलं ना. देवश्री धावत आली, माझा दांडा धरला आणि तिथेच थबकली. मला घरी न्यावं तर सासूबाईंच्या लेखी प्रवास मोडला. उघडावं, तरी त्यांना चालेल का?

मागोमाग सुलभाबाई आल्याच. म्हणाल्या, "अगं, प्रवासाला बॅग निघालीय, औषध नाही. काढ ते आधी."

"सरी, बरं तर," प्रतिमाअक्का आपल्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "बॅग राहू दे माझ्याकडं. स्वल्प जास्त राहिली तर भाडं नाही मागणार मी."

गुरुवारी डॉक्टरांनी दोन दिवस विश्रांती सांगितली. देवश्रीने फोनवर गुरुवारची तारीख शनिवार केली. मिनिटभराचं काम. गिरीराजने या वेळी न हसता बसची नवी वेळ लिहून घेतली. सुलभाबाईंना हे तिकीट फार पटलं. "म्हणजे हेही प्रस्थानच की," त्या म्हणाल्या. "निघणं पक्कं, दिवस मागेपुढे."

शनिवारी आशयनेच मला ओढत खाली नेलं, जिन्यात दोनदा आपटून. आणि रविवारी मी पाळण्याजवळच्या कोपऱ्यात होते. देवश्री वाकली, बाळाच्या कानात कुर्र केलं. बाळाच्या पाठोपाठ ते नाव मीच ऐकलं. रक्षिता.

मित्रांनो, बेत आखताना दिवस सरकायला थोडी जागा ठेवत जा. मलाही जपा, चाकाला तेलाचा एक थेंब पुरतो. आणि औषधांची पिशवी मात्र माझ्यात कोंबू नका, खांद्याला असू द्या. मी तेव्हा शेजारी मुक्कामाला असेन.