डचेस कोंबडीची तीन पावलं

वेंडेल क्रँट्झने आयुष्यात अकरा स्पोर्ट्स गाड्या बनवल्या. त्यांपैकी आज चौदा शिल्लक आहेत.

टुलारी गावात हे गणित कोणालाच खटकत नाही. वेंडेलचा मूळ धंदा ट्रॅक्टर दुरुस्तीचा, पण १९५५ साली त्याच्या डोक्यात स्पोर्ट्स गाडी शिरली ती शिरलीच. कोठारात त्याने गाडीच्या अंगाचा भलाथोरला साचा केला, आतून लेप दिला आणि लेप ओला असताना जेवायला घरात गेला. तेवढ्यात डचेस नावाची कोंबडी साच्यात उतरली आणि डाव्या मडगार्डच्या जागेवरून चालत गेली. तीन पावलं. वेंडेल ढेकर देत परत आला तोवर लेप वाळून दगड झाला होता.

"राहू दे," तो म्हणाला. "भरधाव गाडीचं मडगार्ड बघतंय कोण?"

त्यामुळे या साच्यात काचेचं कापड रेझिनने थरावर थर चिकटवून काढलेल्या प्रत्येक गाडीच्या डाव्या मडगार्डवर कोंबडीची तीन पावलं उठून आली. पुढे वेंडेल गेला. डचेस त्याच्या आधीच गेली होती, एका रविवारी, बटाट्यांबरोबर. मग शौकिनांचा क्लब निघाला आणि क्लबने नियम केला: पावलं असतील तर गाडी अस्सल. त्याच वर्षी फ्रेस्नोच्या एका दातांच्या डॉक्टरने कोंबड्या पाळल्या. अंड्यांसाठी, असं तो सांगतो. त्याच्याकडे क्रँट्झच्या चार गाड्या आहेत.

वेंडेलची मुलगी अर्लीन हिच्याकडे मात्र एकच होती. नऊ नंबरची, फिकट पिवळी, १९५८ साली बापाने तिच्या लग्नात दिलेली. आता जत्रेच्या मैदानावर नवं दालन बांधलं होतं आणि त्यात वेंडेलच्या हातची एक गाडी कायमची ठेवायची होती, खाली त्याच्या नावाची पितळी पाटी लावून. कुठली, ते त्या जुलैच्या शनिवारी दुपारी ठरणार होतं. बापाच्या नावावर दातांच्या डॉक्टरची गाडी बसली तर आपण या गावात तोंड दाखवणार नाही, असं अर्लीनने देवाला आणि शेजारणीला दोघांनाही सांगितलं होतं. सकाळी उठून तिने नळी लावली आणि मडगार्डच्या पोटातला बेचाळीस वर्षांचा चिखलसुद्धा धुऊन काढला.

परीक्षक होता हॅस्केल प्रुइट. पांढरे हातमोजे, गवती टोपी, हातात तक्ता. त्याने डाव्या मडगार्डवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग डोळे मिटून फिरवला.

"अर्लीनबाई, कोंबडी कुठाय?"

"नाहीये. मला लाज वाटायची तिची. लग्नाच्या गाडीवर कोंबडी नको म्हणून मी रडले, तेव्हा बाबांनी तीन आठवडे पॉलिश पेपरने घासघासून ती काढली. स्वतःच्या हाताने."

"पुरावा?"

"गुळगुळीत आहे, हाच पुरावा!"

"गुळगुळीत तर माझा बाथटबही आहे, बाई." प्रुइटने तक्त्यावर काट मारली. "नकली."

शेजारी घडीच्या खुर्चीत अर्लीनची आई ओपल पीचची पेस्ट्री खात बसली होती. वय पंच्याऐंशी, खाणं मन लावून.

"हॅस्केल," ती म्हणाली, "चर्चच्या रविवारच्या शाळेत तू पाच वर्षं माझ्या वर्गात होतास. तेव्हाही तुला समोरची गोष्ट दिसायची नाही."

"मॅडम, नियम म्हणजे नियम."

"अरे, तीन आठवडे का लागले ते तरी विचार. त्याच सुमारास त्याचा चष्मा हरवला. बिचारा चाचपून चाचपून घासत होता. आणि आळ कोणावर? माझ्यावर! मी म्हणे झाडताना फेकला. एकवीस वर्षं ऐकलं. मरतानाही पाद्री बायबल घेऊन उभा, आणि हा काय म्हणतो? 'ओपल, खरं सांग, कुठे टाकलास?'"

"अगं आई, आत्ता ते नको ना."

"मग कधी? मी काय अजून शंभर वर्षं आहे?"

प्रुइट कामाला लागला. गाडी नकली ठरली की सभासद होताना मिळालेला, मडगार्डच्या पोटात स्क्रूने बसवलेला क्लबचा बिल्ला परीक्षकाने स्वतः काढायचा, ही तिथली रीत. तो टॉर्च घेऊन गवतावर उताणा झाला आणि खांद्यांपर्यंत चाकामागे शिरला. अर्लीनने तोंड फिरवलं. तिला तो स्क्रू निघताना बघायचा नव्हता.

बराच वेळ स्क्रू निघालाच नाही.

"अर्लीनबाई," आतून बारीक आवाज आला. "इथे कोणीतरी आहे."

"काय?"

"माझ्याकडे बघतंय."

अर्लीन पांढऱ्या पँटसकट आडवी झाली. मडगार्डच्या आतल्या बाजूला, काचेच्या कापडाच्या दोन थरांमध्ये, मधासारख्या पिवळ्या रेझिनमध्ये एक चष्मा बसला होता. गोल भिंगं, डावी दांडी तांब्याच्या तारेने बांधलेली. तोच चष्मा क्लबच्या बिल्ल्यावर वेंडेलच्या नाकावरही होता, कारण बिल्ल्यासाठी वेंडेलचा एकच फोटो मिळाला होता. प्रुइटने टॉर्च बिल्ल्यावर मारला, चष्म्यावर मारला, पुन्हा बिल्ल्यावर मारला. साच्यात वाकून कापड चिकटवताना चष्मा नाकावरून घसरला असणार, आणि वेंडेलने त्याच्यावर दुसरा थर चढवला असणार. दिसलाच नसणार. चष्मा नव्हता ना.

प्रुइट बाहेर आला. टोपी काढली. तक्त्यावरची काट खोडली आणि मोठ्याने म्हणाला, "अस्सल. दालनात हीच जाईल."

अर्लीनला रडू फुटलं. एकदा या गाडीवर कोंबडी आहे म्हणून रडली होती, आज ती नाही म्हणून रडायची वेळ आली होती; मधल्यामध्ये चष्म्याने लाज राखली.

"मला खाली झोपवा," ओपल म्हणाली.

"आई, तुझे गुडघे..."

"गुडघे राहू देत. झोपवा म्हणते ना."

प्रुइटने काखेत धरलं, अर्लीनने पाय. ओपल गवतावर टेकली, मान आत घातली, आणि बराच वेळ ती आणि चष्मा एकमेकांकडे बघत राहिले.

"सापडला का रे, वेंडेल?" ती म्हणाली. "हं. आता माफी माग. मी थांबते."

ती खरंच थांबली. मैदानावर कोणी हललं नाही. फक्त फ्रेस्नोचा दातांचा डॉक्टर खिशातून छोटी डायरी काढत पुढे सरकला आणि ओपलच्या पायांशी अदबीने वाकला.

"माफ करा हं, मॅडम. सहज विचारतो. चष्मा साधारण किती नंबरचा होता?"