चांदणीची जागा

शाळेची स्मरणिका हे संघप्रियाच्या नव्या डीटीपीच्या दुकानाचं पहिलं पुस्तक. पण प्रूफ घेऊन ती जुळे सोलापुरात भीमाबाईंच्या दारात उभी राहिली ती वेगळ्याच कारणानं. बाई तिच्या चौथीच्या शिक्षिका. त्यांचे यजमान रावसाहेब सर त्याच शाळेत. दोघं एका स्कूटरवरून यायचे. सर गेले आणि बाईंनी बाहेर पडणंच सोडलं. प्रूफ दाखवायच्या निमित्तानं त्यांना शाळेच्या रविवारच्या मेळाव्याला यायला तयार करायचंच, असा संघप्रियाचा बेत होता.

“जय भीम, बाई.”

“जय भीम. ये. मेळाव्याचं सोडून काहीही बोल.”

झालं! बेत उंबऱ्यातच आडवा.

बाईंनी चष्मा लावला. आजवरच्या शिक्षकांची नावं स्वल्पविराम देत ओळीनं छापली होती. जे हयात नाहीत त्यांच्या नावाच्या शेवटी, अक्षरांच्या डोक्याशी, बारीक चांदणी. बाईंचं बोट एका ओळीवर थांबलं ते थांबलंच.

“संघे, हे जिवंत आणि मी गेले होय गं?”

संघप्रियानं वाकून पाहिलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. आधीच्या नोकरीत इंग्रजी प्रबंधांची कामं करून तळटीपेची खूण स्वल्पविरामानंतर टाकायची तिला सवय. इथंही तिनं एका फटक्यात सगळ्या चांदण्या स्वल्पविरामापलीकडे नेल्या होत्या. मोकळी जागा मात्र चांदणीच्या अलीकडेच राहिली, आणि सरांची चांदणी थेट शेजारच्या बाईंच्या नावाला जाऊन चिकटली. शहाणीनं पान एकदा डोळ्यांखालून घालावं की नाही?

“चुकलं, बाई,” म्हणता म्हणता तिला रडूच फुटलं. उभारी द्यायला आलेली ही, बाईंनाच मारून बसली होती.

बाई मात्र हसत सुटल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. “रडतीस कशाला? मेल्याची बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. असलं काही हे मानायचे नाहीत, मीपण नाही. आज मानते.”

संघप्रियानं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि बाकीच्या चांदण्या जागेवर आणल्या. शेवटची चांदणी उचलून सरांच्या नावाशी न्यायची, एवढंच काम उरलं. पण हात चालेना. कागदावर का होईना, सर जिवंत होते.

“सरक. कुठलं बटण?” बाईंनी विचारलं, आणि स्वतःच चांदणी हलवली. मग त्यांनी पडद्याकडे निरखून पाहिलं. “लांब दिसतीय की. अशी उपऱ्यासारखी नको. जवळ घे.”

संघप्रियानं ती केसभर आत ओढली. चांदणी नावाला बिलगली, स्वल्पविराम तिच्याखाली निमूट बसला. बाईंनी त्या नावावरून एकदा बोट फिरवलं. मग त्यांनी चष्मा काढला.

“रविवारी गाडी घेऊन ये,” त्या म्हणाल्या. “माझ्या नावावर चांदणी नाही, हे लोकांनी बघायला नको?”