मिस्त्रींचा कोबा

"एक वेळ सूर्य चुकीच्या बाजूला उगवेल, पण माझ्या हातचा कोबा वाकडा निघायचा नाही," मिस्त्रींनी जाहीर केलं. तेवढ्यात जावयाच्या कानामागची पेन्सिल खाली पडली, गडगडत निघाली आणि वाटेत कुठेही विचार न बदलता कोपऱ्यातल्या कपाटाखाली गेली.

दारात उभ्या लेकीसकट तिघांनीही तिला जाताना पाहिलं.

"गोल पेन्सिल वापरणारा कसला सुतार," मिस्त्री म्हणाले.

जावयाने मान डोलावली. मिस्त्रींनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलेलं; गवंडी आणि सुतार यांचं सूत तसंही बेताचंच असतं, त्यात हे सासरा-जावई. वर्षभरात मिस्त्री याच खोलीत दोनदा घसरले होते. दुसऱ्या वेळी खुब्यात धातूची पट्टी बसली, आणि डॉक्टरांनी लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, की आता पडले तर उठायचे नाहीत. म्हणून गुळगुळीत कोब्यावर लाकडी जमीन घालायचं ठरलं. लाकडाच्या पट्ट्या आठवडाभर भिंतीशी रचून होत्या.

जावयाने पाणसळ टेकवली. बुडबुडा कडेला गेला. मिस्त्रींच्या मते पाणसळ बिघडलेली होती. त्यांनी स्वतःची मागवली. तिचा बुडबुडा जुन्या ओळखीला जागून क्षणभर घुटमळला, मग तोही तिकडेच गेला. सगळी जमीन त्या एका कोपऱ्याकडे उतरत होती.

जावयाने दोन्ही पाणसळी बाजूला ठेवल्या. खाली बसून लाकडाच्या पातळ पाचरी तासू लागला. चौथी पाचर झाली तशी मिस्त्रींची काठी वाजली.

"हे काय?"

"पट्ट्यांखाली थोडा आधार, बाबा."

"माझी लाज झाकतोयस?"

जावयाने तासणी खाली ठेवली. हात स्वच्छ होते तरी पुसले.

"पाचरींवर चार महिने निघतील. मग एखादी सरकेल, वरची पट्टी खचेल, आणि तेव्हा तिच्यावर पाय तुमचा असेल. मी नाही घालत. कोबा फोडावा लागेल."

त्या घरात मिस्त्रींच्या कामाबद्दल हे क्रियापद आजवर कोणी वापरलं नव्हतं. लेकीने दारातूनच घाईने सुचवलं, की वरून नवा थर देऊन सपाट करता येईल. जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. घोटलेल्या कोब्यावर नवा माल धरत नाही, यावरून मिस्त्रींनी निम्म्या गावाच्या गवंड्यांना शिव्या घातल्या होत्या. ते जावयाची नजर चुकवून उठले. मग खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध बसले आणि म्हणाले, की फोडायचं तर आधी मला उचला.

लेकीचा धीर सुटला. हाडं मोडली तरी चालतील पण नाव मोडायला नको, असं किती दिवस चालणार, असं ती बरंच काही बोलली.

"चाळीस वर्षांत एक कोबा चुकला, तर काय बिघडलं बाबा?"

"चुकला नाही." मिस्त्री काठीच्या टोकाकडे बघत होते. "उतार मुद्दाम घातलाय."

त्यांनी काठीचं टोक कोपऱ्यातल्या कपाटाकडे वळवलं.

"तुझ्या आईला आंघोळ घालायला बाई ठेवली असं तुला सांगितलं होतं. बाई दोनच दिवस आली. परक्याचा हात हिला चालेना. मोरीपर्यंत उचलून न्यायचं मला जमेना. मग मोरीच इथे आणली. कपाटामागे पाणी जायला भोक आहे भिंतीला."

"आई अंथरुणाला खिळल्यापासून जाईपर्यंत? अडीच वर्षं?"

"तुला सांगायचं नाही म्हणाली होती. नोकरी सोडून येऊन बसशील म्हणून."

लेक आत आली, जमिनीवर बसली. तळहात कोब्यावर ठेवून तिने तो सावकाश कोपऱ्यापर्यंत नेला, आणि तिथेच राहू दिला. जावई उकिडवा बसून उताराकडे बघत राहिला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"थेंब राहत नसेल, बाबा," तो म्हणाला.

"नव्हताच राहत."

मिस्त्री उठले. खुर्ची कोणाला हात लावू न देता स्वतःच दाराबाहेर ओढत नेली आणि तिकडून म्हणाले, "फोडा."

जावयाने छिन्नी टेकवली, हातोडा उचलला.

"थांब."

मिस्त्री शेजारच्या उघड्या खिडकीकडे बघत होते.

"कोणी विचारलं," ते आवाज उतरवून म्हणाले, "तर नळवाल्यानं घोळ घातलाय म्हणून सांग."