हरिहर, ठाणे

मी ह्यांचं नाव घेत नाही. लग्नातल्या उखाण्यात घेतलं तेवढंच. गॅसचा नंबर लावताना "मोघे" म्हणते, भागतं. पोथीत 'हरिहर' आलं की तिथे 'देव' म्हणून पुढे जाते. सासूबाईंनी घालून दिलेला नेम. त्या गेल्या तरी चालू आहे. हे चिडवतात, "सुमती, तुझ्यापायी देवाचंही नाव बुडालं."

नव्याण्णव सालची वैकुंठ चतुर्दशी. आमच्या डोंबिवलीच्या घरी धाकट्या दिरांनी, आनंदभावजींनी, कॉम्प्युटर आणून फोनला जोडला होता. ते ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये त्याच कामाला. "वहिनी, देव-बीव काय शोधायचं ते ह्या चौकटीत लिहा. गावाचं नाव जोडलंत की नेमकं सापडतं," म्हणाले आणि आंघोळीला गेले. हे ऑफिसला गेलेले.

त्या दिवशी विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहतात. ठाण्यात दोघांचं मिळून एखादं देऊळ आहे का, ते मला बघायचं होतं. इंग्रजीत लिहिलं, हरिहर, ठाणे. बोटांनी लिहिलं तर नेम मोडत नाही, असं मनाशी धरलं.

पहिल्याच ओळीवर दाबलं. देऊळ नव्हतं. ठाण्यातल्या एका लॅबोरेटरीचं पान होतं. हरिहर मोघे, वय एकावन्न, राहणार डोंबिवली. तारीख वसुबारसेची. त्या दिवशी हे ऑफिसच्या कामाला म्हणून ठाण्याला गेले होते आणि येताना चिवड्याचे पोहे घेऊन आले होते. खाली एक इंग्रजी शब्द होता. तो मला वाचता येत होता. सासूबाईंच्या शेवटच्या आजारपणात त्यांच्या कागदांवर तोच असायचा.

मला काही वाटलं नाही. गॅसवर दूध आहे का, हे आठवत बसले. नव्हतं.

मग एवढंच कळलं, की ह्यांनी जे मलाही सांगितलं नाही ते कुणीही वाचावं असं उघड्यावर पडलं आहे. पान घालवायला मी कुठेतरी दाबलं, तर सगळ्या पेशंटांची नावंच समोर आली. तेवढ्यात आनंदभावजी डोकं पुसत आले.

"काय वहिनी, भेटला देव? अरे! हे काय? रिपोर्ट? पासवर्ड नाही, काही नाही?" त्यांनी खुर्ची ओढली. "च्यायला, कोणीही बघेल की. भिवाजी... हा दामाजी भोईर, आमचा वॉचमन तर नाही? थांबा, उघडतो. पुढे गणू..."

गणूनंतर इंग्रजीत एच येतो. मी तळहात काचेवर ठेवला.

"अहो वहिनी, शॉक लागेल!"

"बंद करा, भावजी."

"नुसतं बघतोय."

"कुणाच्या न्हाणीचं दार उघडं राहिलं तर बघत उभे राहाल? दार लावा म्हणून सांगायचं त्यांना."

ते हसले. माझ्याकडे बघून हसायचे थांबले. त्यांनी बंद केलं. "बरोबर आहे. कळवायला पाहिजे. फोन तुम्ही करा, मला उशीर झालाय," म्हणून लॅबचा नंबर काढून दिला आणि फोनची वायर सोडवून ठेवली. काय बघितलंत, ते त्यांनी विचारलं नाही.

लॅबमधल्या मुलीने मला डॉक्टरांना जोडून दिलं.

"बाई, असं होऊच शकत नाही. आमचं पान फक्त डॉक्टरांसाठी आहे."

"मी घरी बसून वाचलं."

"तुम्ही आत शिरलात कशा?"

"शिरले नाही. शोधताना आलं."

"मग काय टाकून शोधलंत ते सांगा. मी इथे तेच टाकून बघतो."

मी म्हटलं, "एच, ए, आर, आय..."

"हरी? हरीश? बाई, नीट बोला. मागे पेशंट बसलेत."

"हरिहर," मी म्हटलं. "हरिहर, ठाणे."

पलीकडे बटणं वाजली.

"हो. दिसतंय," ते हळू म्हणाले. "सगळंच दिसतंय. आत्ता बंद करायला लावतो. हे... तुमचे कोण?"

"मी देव शोधत होते," म्हटलं.

दुपारी वायर जोडून परत बघितलं. नावाची ओळ अजून येत होती. दाबलं की पान सापडत नाही, असं लिहून येत होतं.

संध्याकाळी हे आले. हातपाय धुऊन पेपर घेऊन बसले. मी बेल वाहिला, तुळस वाहिली, पोथी उघडली. तो शब्द आला. 'देव' म्हणायला गेले, ते आलंच नाही.

"हरिहर," मी वाचलं.

पेपर खाली झाला. हे माझ्याकडे बघत राहिले. चिडवलं नाही.

"कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी."

"आनंदला?"

"नाही. त्यांना नाही, कुणालाच नाही."

त्यांनी पेपराची घडी केली, परत उलगडली, परत केली. मग उठून माझ्या शेजारी पाटावर येऊन बसले.

"वाच पुढे," म्हणाले.

त्या अध्यायात ते नाव पुष्कळदा येतं. मी वाचत गेले.