ठेसनोबा

मी एक जुना मोजणीचा दगड आहे, मित्रांनो. उंची सव्वा हात, रंग काळा, स्वभाव मुळातच थोडा कुरकुरा. शेवगावच्या पूर्वेला जो उघडा माळ पसरला आहे, तिथे मी चव्वेचाळीस वर्षे उभा होतो. माझ्या पोटावर एक बाण आणि एक्केचाळीस हा आकडा कोरलेला होता. गावातले लोक मला देव समजत. मी देव नव्हतो, आणि ही गोष्ट साऱ्या गावात एकाच माणसाला पक्की ठाऊक होती. त्या माणसाची हकिगत सांगितल्याशिवाय माझी हकिगत सांगता येत नाही.

माझा जन्म खाणीतला. माझ्याबरोबर निघालेले दगड नशिबाचे होते. कुणाचे जाते झाले, कुणाचा पाटा झाला. ते घराघरांत गेले, बायांच्या ओव्या ऐकत झिजले. मला मात्र पाथरवटाने चौकोनी तासले, छिन्नीने बाण कोरला आणि बैलगाडीत टाकून माळावर पाठवले. तिथे एक गोरा साहेब तीन पायांवर दुर्बीण उभी करून बसला होता. रेल्वेची मोजणी चालू होती. दौंड-मनमाडची रेल्वे होऊन पन्नास वर्षे झाली होती, आणि आता नगरहून एक फाटा पूर्वेकडे काढायचा, असे त्यांच्या मनात होते.

मोजणीची साखळी धरायला साहेबाने गावातला एक जवान गडी घेतला होता. त्याचे नाव पीरमहंमद. वय एकोणीस, पाय लांब, हसणे मोठे. खड्डा त्यानेच खणला, मला त्यानेच रोवले, भोवतालची माती त्यानेच पायाने दाबली. साहेबाने हातातल्या छडीने माझ्या डोक्यावर दोनदा टकटक केले आणि मोडक्या मराठीत सांगितले, "इथे स्टेशन. हा दगड हलला नाही पाहिजे. लाइन आली, की तुला कामावर घेणार. तोवर तू सांभाळ." पीरमहंमदने छातीवर हात ठेवून होकार दिला. साहेब निघून गेला. तो पुन्हा कधीही आला नाही.

पहिली दोन-तीन वर्षे माझी फार ऐट होती. बाजाराला जाणारी माणसे मुद्दाम वाट वाकडी करून मला बघायला येत. "हितं ठेसन व्हनार," असे म्हणून कुणी माझ्यावर हात ठेवी, कुणी बसून बिडी ओढी. मग येणारे कमी झाले. नंतर फक्त शेळ्या येऊ लागल्या, आणि त्या अंग घासायला येत. एक पीरमहंमद तेवढा चुकला नाही. दर शुक्रवारी नमाज पढून तो माळावर येई, भोवतालचे गवत उपटी, बाणातली माती काडीने कोरून काढी आणि पूर्वेकडे बघत बसे.

त्याचा धाकटा भाऊ बाबाजान शहाणा होता. मनमाडला रेल्वेत गडी भरताहेत असे कळताच त्याने वळकटी बांधली. "भाई, तू बी चल," म्हणून त्याने खूप आग्रह केला. पीरमहंमद म्हणाला, "सायबाला जबान दिलीय. दगड सोडून कसा येऊ?" बाबाजान गेला आणि तिकडे पक्का नोकर झाला. पीरमहंमदची बायको हसीना सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे म्हणायची, "ह्या मानसाचा निकाह दगडाशी लागलाय, मी नुस्ती भाकऱ्या थापायला हाय." ती हे हसत म्हणायची. पुढेपुढे तिने हसणे सोडले.

आता माझ्या देवपणाची गंमत ऐका. गावात साळूबाई नावाची एक सून आली होती. तिची म्हैस आजारी पडली, आणि म्हशीला शोधत ती माळावर आली तेव्हा माझ्यावरचा बाण तिला दिसला. मोजणीवाल्यांचा बाण असतो तीन रेघांचा, एका ठिकाणी मिळालेला. साळूबाईने तो पाहिला आणि तिथेच मटकन खाली बसली. "अगं बया, तिरसूळ!" म्हणाली. म्हैस बरी झाली. पुढच्या मंगळवारी ती शेंदूर आणि तेल घेऊन आली, आणि मी म्हसोबा, बिरोबा यांच्या पंगतीला जाऊन बसलो. दगड कुणी रोवला हे लोक तोवर विसरले होते, इथे गाडी येणार एवढेच लक्षात उरले होते, म्हणून नावसुद्धा तिनेच ठेवले, ठेसनोबा.

पीरमहंमदने शेंदूर पाहिला तेव्हा तो पोट धरून हसला. मग एकाएकी एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. शेंदूर लावलेल्या दगडाला कुणी उपटत नाही, कुणी घराच्या भिंतीत घालत नाही. सांभाळायचे काम आपोआप झाले होते. म्हणून त्याने कुणालाही खरे सांगितले नाही. मंगळवारी साळूबाई, शुक्रवारी पीरमहंमद, असा माझा आठवडा ठरून गेला.

साळूबाईची लेक लंका अकोल्याच्या डोंगरात दिली होती. शेवगावहून नगर, नगरहून संगमनेर, तिथून अकोले आणि पुढे पायवाट. लेक तीन-तीन वर्षे माहेरी येत नसे. साळूबाई माझ्यापुढे हात जोडून म्हणे, "ठेसनोबा, तुजी गाडी लवकर आन रे बाबा. माजी लंकी पंचमीला दारात उतरू दे." मी काय आणणार, मित्रांनो! मला माझी जागासुद्धा सोडता येत नव्हती.

कानिफनाथ गुरुजी शाळेत आले ते खूप पुढे. त्यांना वर्तमानपत्रे वाचायचे वेड होते. भूगोलाच्या तासाला ते चौथीचा वर्ग माझ्याजवळ आणत आणि काठीने धुळीत नकाशे काढत. जे काही मला समजले ते तिथेच. इंग्लंडचा नकाशा त्यांनी काढला तर रेघांत रेघा इतक्या गुंतल्या, की मुलांना वाटले गुरुजी चुकले. तिथल्या गावोगावच्या व्यापाऱ्यांनी, कारखानदारांनी आपापले रूळ टाकले, असे गुरुजी म्हणाले. आफ्रिकेच्या नकाशात बंदरापासून एक रेघ निघाली आणि खाणीपाशी थांबली. दुसऱ्या बंदरापासून दुसरी रेघ, तीही तशीच. दोन रेघांची गाठ कुठेच पडत नव्हती, आणि काही ठिकाणी रुळांची रुंदीही निराळी होती, कारण मालक निराळे होते. अमेरिकेत रूळ अफाट, पण माणसे आता मोटारीत आणि विमानात बसतात, म्हणून माणसांच्या गाड्या बंद पडत चालल्या आहेत. जपानात शहरे एकमेकांना चिकटून, तिथे गाडी वाऱ्यासारखी पळते.

एका मुलीने विचारले, "गुर्जी, आपल्याकडं माळ लई खडकाळ, म्हनून रूळ न्हाईत का?"

"खडकाचं काही नाही, बाळ," गुरुजी म्हणाले. "स्वित्झर्लंडात आपल्या अकोल्यापेक्षा कितीतरी उंच डोंगर आहेत. तिथे डोंगराच्या पोटातून गाड्या जातात. रूळ कुणाला हवे होते आणि कशासाठी, त्यावर सगळं असतं. आपल्या देशात गोऱ्यांनी रूळ टाकले ते कापूस बंदरावर न्यायला, पलटणी हलवायला, दुष्काळात धान्य पोचवायला."

"मंग आमी कुनाला हवं हुतो?"

गुरुजींनी काठीने नकाशा पुसला आणि मुलांना पंधराचा पाढा म्हणायला लावला. माझ्या पलीकडे पीरमहंमद बसला होता. त्याने हे सगळे ऐकले होते. जाताना त्याने गुरुजींना एवढेच सांगितले, "आपली मोजनी झालीय, गुर्जी. मोजनी झालेलं काम सरकार सोडत न्हाई."

मग बहात्तर साल उजाडले. माळावरचे गवत मुळापासून गेले. विहिरींचे तळ दिसले. ज्वारी मिळेना म्हणून लोक रेशनवरचे अमेरिकेचे लाल धान्य, मिलो, खाऊ लागले, आणि गावची सगळी माणसे सरकारी कामाची वाट बघत बसली. अशात एका सकाळी माळावर एक जीप आली. जीपमधून ओव्हरसियर उतरला, मागून चार माणसे दोरी आणि चुन्याच्या फक्कीची पाटी घेऊन उतरली. ते दोरी ताणून पांढरी रेघ ओढत थेट माझ्या दिशेने येऊ लागले.

पीरमहंमद धावत आला. आता तो त्रेसष्ट वर्षांचा होता, पण त्या दिवशी पुन्हा एकोणीसचा दिसला.

"सायेब, काय चाललंय?"

"लाइन टाकतोय, बाबा. बाजूला व्हा," ओव्हरसियर मान वर न करता म्हणाला.

मित्रांनो, त्या बिचाऱ्याचा काय दोष? फक्कीची रेघ मारायची म्हणजे लाइन टाकायची, असेच त्याच्या खात्यात म्हणतात. पण आमच्या गावात लाइन म्हणजे एकच. पीरमहंमद माझ्या शेजारी बसला आणि शेंदरावर कपाळ टेकून लहान मुलासारखा रडला. संध्याकाळपर्यंत ती बातमी साऱ्या गावात झाली. साळूबाईने घरात उरलेला गुळाचा खडा आणून माझ्यापुढे ठेवला. पीरमहंमदने गुरुजींकडून मनमाडला कार्ड लिहवून घेतले. त्यात दोनच वाक्ये होती, "लाइन आली. बघायला ये."

गाव कामाला लागले. उन्हात माती खणत होते, पाट्या वाहत होते, उपाशी पोटी खडी फोडत होते, पण आपल्या गाडीसाठी करतो आहोत या समजुतीने सगळ्यांचे हात चालत होते. शंका फक्त गुरुजींना होती. पण पीरमहंमदच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनाही विचारायचा धीर झाला नाही. मलाही वाटू लागले होते, की आपण खरेच स्टेशनाचा दगड होणार. हे कबूल करताना आज मला लाज वाटते.

दोन महिन्यांनी बाबाजान आला. नोकरीतून निवृत्त झालेला, कमरेत थोडा वाकलेला. रुळांवर चाळीस वर्षे काढलेला माणूस तो. भरावावर चढला, टाचेने माती दाबून पाहिली, आणि पुढे ओढ्यापाशी जिथे काम वळत होते तिकडे बघत उभा राहिला. घरात हे भाऊ आपल्या दखनीत बोलत, पण इथे सारे गाव भोवती जमले होते.

"भाई," तो हळू म्हणाला, "असल्या वळनावर गाडी उभी ऱ्हात न्हाई. उलटी व्हईल. हा चढ बी गाडीचा न्हाई. ही लाइन न्हाई, भाई. हा रस्ता हाय."

पीरमहंमद तडक ओव्हरसियरकडे गेला. सगळे मागोमाग गेले. ओव्हरसियर आधी हसला, आणि मग त्याच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला.

"रेल्वे? कोण म्हणालं तुम्हाला? बाबा, हा सडकेचा भराव आहे. जुने नकाशे काढले तेव्हा ती मोजणी मी पाहिली होती. दुसऱ्याच वर्षी रद्द झालेली आहे. खाली शेरा मारलाय."

"कंच्या वर्षी?"

"एकोणतीस साली."

पीरमहंमद बोटांवर वर्षे मोजू लागला. हसीना चार वर्षांपूर्वीच गेली होती, नाहीतर तिने त्याला हाताला धरून घरी नेले असते. ओव्हरसियरला वाईट वाटले. समजूत घालावी म्हणून तो म्हणाला, "आता सडक होतेय ना, बाबा. एसटी येईल. एकदा सडक झाली, की रूळ मागायची गरजच उरत नाही." त्याला वाटले, आपण दिलासा देतो आहोत.

आणि मी नेमका सडकेच्या मधोमध होतो. मला काढून खडीत घालायचे होते. पण बायांनी हातोड्या खाली टाकल्या. "देवाला हात लावायचा न्हाई," साळूबाई माझ्यापुढे आडवी झाली. "काम बंद पडलं तरी चालंल. उपाशी मरू."

तेव्हा पीरमहंमद बोलला. इतकी वर्षे पोटात ठेवलेली गोष्ट त्याने चार वाक्यांत सांगून टाकली. "साळूबाई, ऊठ. हा देव न्हाई. मोजनीचा दगड हाय, मीच रवलाय. त्यो तिरसूळ न्हाई, सायबाचा बान हाय."

साळूबाई उठून बसली. तिने माझ्याकडे पाहिले, मग त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मंग मी इतकी वर्सं कुनाला हात जोडलं रं, पीरभाई?"

पीरमहंमदने जवळच्या गड्याच्या हातातला घण घेतला. बाबाजान अडवायला पुढे झाला, पण त्याने ऐकले नाही. पहिला घाव बाणावर बसला. तिसऱ्या घावाला मी दुभंगलो, आणि पुढचे घाव मोजायला मी एक उरलो नव्हतो.

सडक झाली. पाऊस पडला. एसटी सुरू झाली आणि दिवसातून दोनदा माझ्या तुकड्यांवरून जाऊ लागली. लोकांची सोय झाली, हे मी नाकारत नाही. साळूबाईची लेक मात्र त्या गाडीने आली नाही; तिच्या डोंगरात अजून पायवाटच आहे. आणि मंगळवारी कुठे जावे हे न कळून साळूबाई घरीच बसते.

पीरमहंमद अजून शुक्रवारी येतो. सडकेच्या कडेला उकिडवा बसतो. एसटीच्या ड्रायव्हरला वाटते, म्हाताऱ्याला गाडी धरायची आहे. तो गाडी थांबवतो, कंडक्टर दार उघडून विचारतो, "कुठं जायचं, बाबा?" पीरमहंमद मान हलवतो. बाबाजानने त्याला मनमाडला चल म्हणून हात जोडून सांगितले होते. तो गेला नाही. आता कुठे जायचे म्हटले तरी त्याला जाता येत नाही. एका जागी उभे राहायची सवय त्याला लागली, आणि ती माझ्यामुळे लागली.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, मोठे व्हाल. तुमच्यातला कुणी साहेब होईल, नकाशावर रेघ ओढील, आणि कुठल्यातरी माळावर माझ्यासारखा एक दगड रोवील. जरूर रोवा. रूळ टाका, सडका करा. एखादे काम रद्दही करावे लागेल, पैसा नसेल, मन बदलेल, तेही मी समजू शकतो. फक्त त्या दिवशी कागदावर शेरा मारून उठू नका. एक माणूस माळावर पाठवा. तिथे कुणीतरी राखण करत उभा असेल. त्याला नावाने हाक मारा आणि सांगा, आम्ही येत नाही, बाबा. तू जा.